दहापैकी नऊ

३ जून, सकाळ
कॉन्व्हेंटच्या वसतिगृहात मदर रोज जीवनसत्त्वाच्या गोळ्या वाटायच्या. मी आणि ताई शेजारी शेजारी उभ्या राहून 'आ' करायचो. ताईची गोळी पोटात, माझी जिभेखाली. नंतर खिडकीतल्या कुंडीत. ती कुंडी सगळ्यांत आधी वाळली.
आज ताईने माझ्या बीपीच्या गोळ्यांसाठी वारांची नावं असलेली सातखणी डबी आणली. मला पक्षाघाताचा हलका झटका येऊन गेला एवढंच. पुढचा हलका नसेल, असं डॉक्टर म्हणाले. डॉक्टरांना घाबरवायची सवयच असते.

५ जून
दवाखान्यातून समुपदेशन करणारी मुलगी आली. रागावत नाही, नुसतं विचारते. रोज गोळी घेणं किती महत्त्वाचं वाटतं, दहापैकी? मी म्हटलं, नऊ. पाच का नाही? मग मी असं काही बोलले की तिने वहीत उतरवून घेतलं. तिचं नाव ठेवलं, दहापैकी.
गोळीने डोकं जड होतं, आजारी असल्यासारखं वाटतं. उद्यापासून घेईन.

९ जून
ताई संध्याकाळी डबी तपासते, खण रिकामा लागतो. गोळ्या शिलाईच्या डब्यात, बटणांखाली. फेकल्या नाहीत. फेकणं म्हणजे नाकारणं. मी फक्त पुढे ढकलतेय. सोमवारपासून नक्की.

१४ जून, सोमवार
पडदे धुवायचे होते. पुढचा सोमवार.

१७ जून
डाव्या हातातून कप निसटला. कपाचा कान गुळगुळीत आहे. ताई तुकड्यांकडे न बघता माझ्याकडेच बघत राहिली. म्हणाली, "जीभ वर कर बघू." केली. जिभेखाली काही नव्हतं. मी खूप हसले. ती हसली नाही.

२२ जून
माझं रेकॉर्ड शंभर टक्के, असं दहापैकी म्हणाली. शनिवारी इतर पेशंटांपुढे दहा मिनिटं बोलायचंय. विषय: गोळी न चुकवण्याची माझी युक्ती. लगेच लिहायला बसले. इतकी रंगले की सोमवार कालच होऊन गेला हे आत्ता लक्षात आलं.

२४ जून
आरशासमोर तालीम. हसू एका बाजूला जरा उशिरा पोचतं. आरसा जुना झालाय. एक शब्द आठवेना. ते काय, दोरा ओवतात ती.

२५ जून
ताईला भाषण वाचून दाखवलं. तिने चष्मा पुसला. म्हणाली, "तू यातून वाचलीस म्हणून मीही राहिले गं."
उद्यापासून. या खेपेला खरंच.

२६ जून, सकाळी दहा
ताई खाली गाडी बघायला गेली. गोळी तोंडात टाकली, पाणी प्यायले. ओठाच्या कोपऱ्यातून दोन्ही बाहेर. आज मुद्दाम नव्हतं. डावी चप्पल पायात आहे की नाही कळत नाही. ताईला हाक मारली, भलताच आवाज आला. अक्षर उतरणीला लागलंय. ती येईपर्यंत लिहून ठेवते.
भाषणाचे कागद दहापैकीला. तिने किती विचारलं तर शून्य सांग.
मोत्याच्या कुड्या ताईला. शाळेपासून डोळा आहे.
सातखणी डबी ताईलाच, तिलाही बीपी आहे.
शिलाईचा डबा कुणालाच नको. नाही, ताईलाच. बटणं नीट निवड. भोकं नसलेली, ती बटणं नाहीत.