झोपलेल्याला हाक मारावी

मी, मैमुना इब्राहीम परकार, वय त्रेसष्ट, मूळ राहणार तालुका गुहागर, सध्या मुक्काम शराफिया, जेद्दा, मुलगा तल्हा याच्या इकाम्यावर म्हणजे इथल्या राहण्याच्या परवान्यावर, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहीत आहे. साखर आणि गुडघे सोडले तर मला काही झालेलं नाही. डोकं ठिकाणावर आहे. तल्हाला शंका असेल तर त्याने माझ्याशी वाद घालून पाहावा.

१. गावचं घर, कलमं आणि बांगड्या यांत तल्हा आणि नबीला या माझ्या मुलांचे हिस्से शरियतने ठरलेले आहेत. त्यात मी लुडबूड करत नाही. मालमत्तेच्या एक तृतीयांशापुरतं मात्र मला बोलता येतं, आणि तेवढं मी बोलणार आहे.

२. त्या एक तृतीयांशात घराची पडवी आणि तिच्या बाजूची खोली, परदेशातलं काम गमावून आलेल्या आणि कुठेच थारा नसलेल्या माणसांसाठी ठेवते. गाव, जात, धर्म विचारू नये. गोळ्यांची सवय असेल तर आधी जेवू घालावं, मग डॉक्टरकडे न्यावं. उपदेश करणाऱ्याला फाटकाबाहेर उभं करावं. व्यवस्था नबीलाने पाहावी.

३. हे कशासाठी, तेही लिहून ठेवते. माझा धाकटा हम्माद दम्मामला परांच्या बांधायच्या कामावर होता. पाठ दुखावली आणि काम गेलं. कफीलने, म्हणजे ज्याच्या नावावर तो आला होता त्या मालकाने, इकामा वाढवला नाही, मग खोलीही गेली. पाठीसाठी कोणीतरी दिलेल्या गोळ्या तेवढ्या राहिल्या. मला फोनवर म्हणायचा, "अम्मी, ड्युटी चालू आहे." निजायचा पुलाखाली, आणि दिवसा शंकर नावाच्या वेल्डरच्या पलंगावर, शंकर कामावर असेल तेवढा वेळ.

कामगारांच्या कॅम्पच्या खोल्यांत एक रीत आहे. प्रत्येकाची पाळी वेगळी, म्हणून झोपलेल्याला कोणी उठवायचं नाही. त्या दिवशी हम्माद कधी नव्हे इतका मोठ्याने घोरत होता. खोलीतल्यांनी पंखा त्याच्याकडे वळवला, पडदा ओढला, ताटल्यासुद्धा बाहेर नेऊन धुतल्या. मग घोरणं थांबलं, तर त्यांना वाटलं, आता शांत झोप लागली. संध्याकाळी शंकर आला, तो बूट हातात घेऊन जिन्यावर बसून राहिला, पोराची झोप मोडायला नको म्हणून. ते घोरणं गोळ्या जास्त झाल्याचं होतं, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. माझं लेकरू अशा मायेच्या माणसांमध्ये गेलं, याचंच मला जास्त रडू येतं. शंकर पुढे जेद्दाला आला, तेव्हा त्यानेच मला हे सांगितलं.

४. जमातीतल्या ज्या मंडळींनी "हार्ट बंद पडलं म्हणा, अब्रू राहील" असा सल्ला दिला, त्यांच्या घरी माझ्या फातिहाचं जेवण जाऊ नये. मी खरं सांगितलं, म्हणून तर इथल्या कामगारांना जेवणाचे डबे देताना खोल्याखोल्यांतून बोलू शकले: हलवा, नावाने हाक मारा, ओठ निळे पडलेत का बघा, कुशीवर वळवा, ॲम्ब्युलन्ससाठी ९९७ ला फोन लावा. आणि काम गेलेल्याला लगेच खोलीबाहेर काढू नका.

एका खोलीचा म्होरक्या जलाल म्हणाला, "खाला, इकामा नसलेला माणूस असला तर? पोलीस येतील."

"जित्या माणसाला पकडतील ना?" मी म्हटलं. "मग येऊ देत."

महिन्याभरात त्याच जलालने एकाला वेळेत उठवलं. तो माणूस आता यान्बूला आहे आणि ईदला मला फोन करतो.

५. मोठी पातेली आणि डबे शेजारच्या इस्मतला. अट एकच. दाराबाहेर डबा ठेवून परत फिरायचं नाही, आतून आवाज येईपर्यंत थांबायचं. तल्हाला भीती वाटते की या भानगडीत आपलाही इकामा जाईल. त्याला बायकापोरं आहेत, त्याची भीती खोटी नाही. म्हणून हे काम त्याच्या गळ्यात मारत नाही. इस्मतने होकार दिला आहे.

६. शंकरला काही ठेवलेलं नाही, कारण तो घेणार नाही. अजून माझ्यासमोर मान खाली घालून बसतो. मी त्याला दोष दिला नाही, देतही नाही. पण एक काम त्याच्यावर सोपवते. माझी वेळ येईल तेव्हा, मी निजलेली दिसले तर कोणी चवड्यांवर चालू नये, दिवा मालवू नये. गुस्लचं, मयताच्या अंघोळीचं, पाणी काढण्याआधी शंकरला बोलवावं. त्याने दारात उभं राहून मला मोठ्याने हाक मारावी. मी ओ दिली नाही, तरच मला गेलेली समजावं.

वरील सर्व मी स्वतः वाचून, समजून सही केली.

मैमुना इब्राहीम परकार

साक्षीदार, आमच्यासमक्ष सही झाली:
१. जलाल हसन मुकादम
२. शंकर धोंडू पाष्टे

शराफिया, जेद्दा
९ नोव्हेंबर २०२४