चौदा नंबरची मागची खोली

प्रति,
मा. निवासस्थान वाटप अधिकारी,
कर्मचारी वसाहत कार्यालय,
पहिला मजला.

विषय : क्वार्टर क्रमांक १४ नाकारणेबाबत व त्या अनुषंगाने एक जुने प्रमाणपत्र रद्द करणेबाबत.

संदर्भ : १) आपले वाटपपत्र, दि. २ मार्च.
२) माझे यापूर्वीचे तीन नकार-अर्ज.

महोदय,

१. मी खाली सही करणारा देखभाल विभागात कीटकनाशक फवारणीचे काम गेली सव्वीस वर्षे करीत असून, पाठीवरच्या पंपामुळे वसाहतीत मला सर्व जण 'पंपकाका' म्हणतात. आपण मला क्वार्टर क्रमांक १४ दिले, त्याबद्दल प्रथम आभार. ते घर मी घेऊ शकत नाही. कारणे पुढे देत आहे. ती देताना अर्ज लांबला तर मधेच फाईल बंद करू नये, ही विनंती.

२. माझी मुलगी तिच्या आठ महिन्यांच्या बाळाला घेऊन पुढील महिन्यापासून माझ्याकडे राहणार आहे. जावई दूरच्या बदलीवर आहेत आणि माझी सध्याची खोली एकच असून तीत माझा पंपही राहतो. म्हणून मी घराचा अर्ज केला होता. बाळ रांगू लागले आहे. मोठ्यांना कधी न दिसणारे घर रांगणाऱ्या मुलाला दिसते : पलंगाखालचे, पिंपामागचे, दाराच्या बिजागरीपाशी असलेले. सबब मला दाखवण्यात आलेले प्रत्येक घर मी स्वतः गुडघ्यांवर रांगून तपासले. याबाबत तीन नंबरच्या शेजारीणबाईंनी 'एक म्हातारा माणूस रिकाम्या घरात रांगतो' अशी तक्रार केल्याचे समजते. तक्रार खरी आहे.

३. तीन नंबर नाकारले, कारण मागे विटांचा ढीग आहे. तो हलवावा म्हणून मी लिहिले, तर विटा सरकारी असल्याने हलवता येणार नाहीत असे उत्तर आले. विंचू ढिगाऱ्यात राहतो, मग विटा कोणाच्याही असोत. आठ नंबर नाकारले, कारण न्हाणीघराच्या चौकटीला ओल आहे. ओलीला झुरळे येतात आणि झुरळांच्या मागावर विंचू येतो. एकवीस नंबर मात्र दोन दिवस रांगूनही स्वच्छच निघाले. एक मुंगीसुद्धा नाही. म्हणून तेही नाकारले. ज्या घरात काहीच सापडत नाही ते घर कोणी नीट पाहिलेले नसते, एवढे मला अनुभवाने कळते.

४. आपल्या कार्यालयातील वाटप लिपिकांनी त्या वेळी मला विचारले, "काका, तुम्हाला घर हवंय की विंचू?" सगळे हसले. मीही हसलो. चौथ्या नकारानंतर नाव यादीतून कायमचे कमी होते हे मला माहीत आहे. माझे नाव यादीत टिकावे म्हणूनच आपण चौदा नंबर काढलेत, यात शंका नाही. वाटपपत्रावर आपल्या अक्षरात शेरा आहे : 'सदर घर अर्जदाराने स्वतः फवारले असून तसे प्रमाणपत्र अभिलेखात आहे. सबब अर्जदाराची हरकत उरू नये.' हा शेरा मी आतापर्यंत किती वेळा वाचला याची गणती नाही. हरकत त्याच प्रमाणपत्राची आहे.

५. आता थोडे कामाविषयी. घर फवारताना एकही खोली सोडायची नाही, हा आमचा पहिला नियम. औषधाने विंचू जागच्या जागी मरतोच असे नाही. तो बेचैन होतो आणि जिथे औषध नाही तिकडे जातो. म्हणजे चारपैकी तीन खोल्या फवारल्या, तर घर पाऊण स्वच्छ होत नाही. जे काही जिवंत आहे ते सगळे चौथ्या खोलीत जाऊन बसते. प्रत्येक खोली झाली की तिच्या चौकटीवर खडूने तारीख टाकायची आणि सगळ्या तारखा झाल्या की प्रमाणपत्रावर सही करायची. नवीन माणसाला हे मीच शिकवतो. दोनदा बजावून सांगतो.

६. पाच वर्षांपूर्वी, नऊ मार्च रोजी, मी चौदा नंबर फवारायला गेलो. पुढच्या तीन खोल्या केल्या. मागच्या खोलीला वेगळं कुलूप होतं आणि तिची किल्ली भांडारपालांकडे होती. भांडारपाल जेवायला गेले होते. तासभर थांबावं लागलं असतं. मला घाई होती. कसली घाई होती हे आठवायचा मी पाच वर्षं प्रयत्न करतोय, साहेब. आठवत नाही. मी त्या बंद दाराच्या चौकटीवर खडूने तारीख टाकली आणि सही केली.

७. चार दिवसांनी ते घर आपल्या कार्यालयाच्या तळमजल्यावरच्या टेलिफोन ऑपरेटर बाईंना मिळालं. बाई आणि त्यांची पाच वर्षांची मुलगी, दोघीच. मुलीला सगळे भिंगरी म्हणत, कारण ती एका जागी उभी राहात नसे. ताबा देताना प्रमाणपत्र घेऊन मीही गेलो होतो. भांडारपालांनी मागच्या खोलीची किल्ली बाईंच्या हातात दिली, तेव्हा मी तिथेच होतो. भिंगरी चौकटीवरच्या तारखेवर बोट फिरवत होती. मी तिला रागावलो. म्हटलं, "पुसू नको, ते सरकारी आहे." तेवढंच बोललो.

८. मागची खोली गार, म्हणून भिंगरीची खाट तिथे टाकली गेली. सहाव्या दिवशी दुपारी ती झोपलेली असताना तिला विंचू चावला. दवाखान्यात नेलं. ती परत आली नाही.

मग चौकशी झाली. मला एकच प्रश्न विचारला गेला, फवारणी केली होती का? मी म्हटलं, केली होती. चौकशी अधिकाऱ्यांनी माझं प्रमाणपत्र पुढे ठेवलं आणि त्यावरून निष्कर्ष लिहिला की घर कीटकमुक्त असल्याने विंचू बाहेर वाळत घातलेल्या अंथरुणातून आला असावा, व 'मातेने अंथरूण पुरेसे न झटकल्याने' ही घटना घडली. त्याची प्रत बाईंना देण्यात आली. पोच म्हणून त्यांनी सही केली. ती सही मी पाहिली आहे. अक्षर अगदी सरळ होतं.

९. त्यानंतर साधारण महिन्याने बाईंनी मला जिन्यात थांबवलं. ओरडल्या नाहीत, रडल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "काका, तुम्हाला यातलं कळतं. मी चादर किती वेळा झटकायला हवी होती?"

मी म्हटलं, "दोनदा झटकली की पुरे, बाई."

त्या म्हणाल्या, "मी एकदाच झटकली होती." आणि कामावर गेल्या.

साहेब, मला गप्प बसता आलं असतं. मी आकडा का सांगितला? त्या दिवसापासून बाई सगळं दोनदा झटकतात. रुमाल, पर्स, खुर्चीवरची गादी, डबा बांधलेलं फडकं. आपणही कधी पाहिलं असेल. नवीन लोकांना वाटतं, स्वच्छतेचं वेड आहे. माझी ड्यूटी त्याच मजल्यावर असते. फट् फट् असा आवाज आला की माझा पंप बंद पडतो.

१०. आपल्या पत्रासोबतच्या किल्ल्या घेऊन मी परवा चौदा नंबरला गेलो. बाईंनी सोडल्यापासून पाच वर्षांत ते घर कोणी घेतलेलं नाही. शिपाई म्हणतात की भर दुपारी तिथे आवाज येतो. येतो. मीही ऐकला. मागच्या खोलीच्या बंद दाराआडून कापड झटकल्यासारखा, दोनदा, मग थोडं थांबून पुन्हा दोनदा. खिडकीचं तावदान फुटलं आहे आणि आत जुना पडदा आहे, वाऱ्याने हलत असणार. हे मी स्वतःला तिथेच उभ्या उभ्या समजावलं. चौकटीवर माझी तारीख अजून आहे. नवाच्या आकड्यावरून बोट फिरल्याची खूण आहे.

शेवटी मी दार उघडलं आणि रांगत आत गेलो. खाटेच्या चार पायांचे डाग फरशीवर अजून दिसतात. त्यातल्या एका डागापासून वीतभर अंतरावर भिंतीला चीर आहे, बोट आत जाईल एवढी. जुनी आहे, कडा काळ्या पडल्या आहेत. ती बघायला रांगावंही लागत नाही. दारातून दिसते. मी त्या दिवशी नुसतं दार उघडलं असतं तरी दिसली असती. तो त्या चिरेतून आला. अंथरुणातून नाही.

११. सबब विनंती की,

अ) क्वार्टर क्रमांक १४ मला देऊ नये. माझं नाव यादीतून कमी करावं. मुलीला मी काय ते सांगेन. अजून सांगितलेलं नाही. नातीला माझ्या हातात द्यायची की नाही हे तिला ठरवू द्यावं असं मला वाटतं.

ब) चौकशीत पुढे ठेवलेलं नऊ मार्चचं प्रमाणपत्र खोटं असल्याची नोंद घ्यावी आणि माझ्यावर नियमाप्रमाणे जी होईल ती कारवाई करावी. त्यावर माझं काही म्हणणं नाही.

क) ही तिसरी विनंती सर्वांत आधी करावी. बाईंना कार्यालयाकडून लेखी कळवावं. हे मी स्वतः का सांगत नाही असं आपण विचाराल. मी चार वेळा त्यांच्या टेबलापाशी गेलो. त्या प्रत्येक वेळी माझ्यासाठी खुर्ची पुढे करतात, आधी दोनदा झटकून. आणि माझ्या तोंडून ऐकलं तर त्या म्हणतील, काका माझी समजूत घालतायत. त्यांच्यावर दोष सही-शिक्क्याच्या कागदाने आला होता, तो तसल्याच कागदाने काढावा लागेल. मजकूर मोठा नको. चीर भिंतीत होती, खोली फवारलेली नव्हती, आणि चादर एकदा झटकली होती ते पुरेसं होतं, एवढं लिहावं.

आपल्या उत्तराची नव्हे, त्यांच्या टेबलावर जाणाऱ्या पत्राची वाट पाहणारा,

(सही)
फवारणी कामगार, देखभाल विभाग
दिनांक : ९ मार्च

सोबत :
१) प्रमाणपत्राची माझ्याकडील कार्बन प्रत.
२) क्वार्टर १४ च्या पुढच्या दाराची किल्ली.
३) मागच्या खोलीची किल्ली. ही त्या दिवशी आणायची राहिली होती.