मीटर नापास

३ तारीख, सोमवार. सकाळी ७.१०
मीटर बनवणाऱ्या कंपनीला तक्रार, कच्चा मसुदा:
१. रक्तातली साखर मोजायचा मीटर आणून नऊ दिवस झाले.
२. काल जेवणाआधी ११८. आकडा मान्य.
३. जेवायला बसल्यापासून दोन तासांनी २४६. आकडा अमान्य.
४. मधल्या काळात फक्त जेवण घडले.

मी थर्मामीटर तपासते. माझ्या सहीशिवाय आमच्या प्रयोगशाळेतून एकही बाहेर पडत नाही. वाद घालणाऱ्या गिऱ्हाइकांना मी एकच सांगते: उपकरण बरोबर आहे, तुमची वस्तूच तेवढी गरम आहे. इथे मात्र उपकरणच चुकतंय. डॉक्टरीणबाईंनी दोन आठवड्यांची वही मागितली आहे. जेवणानंतरचे आकडे १८०च्या वर राहिले तर दुसरी गोळी. राहणार नाहीत.

५ तारीख. दुपारी २.४०
२३८. मीटरच्या माहितीपत्रकात पंधरा टक्क्यांचा फरक चालतो असं छापलंय. वजा केले: २०२. तरी जास्त वाटला. पुन्हा वजा केले. वहीत १७२.

७ तारीख
डॉक्टरीणबाईंचा फोन. म्हणाल्या, इन्सुलिन तयार होतंय, पण ते पेशींचं दार वाजवतं आणि पेशी उघडत नाहीत, म्हणून साखर बाहेर रक्तातच राहते. जेवल्यावर चालता का, असंही विचारलं. मी म्हटलं, विषय मीटरचा आहे.
आईला सांगितलं. ती भांडी पुसता पुसता म्हणाली, "तुझ्या पेशी तुझ्यावरच गेल्यात. कुणी कितीही दार वाजवू दे."
नोंद घेण्यासारखं काही नाही.

९ तारीख, रविवार
शास्त्रशुद्ध प्रयोग. आईला आणि मला सारखाच भात, सारखेच बटाटे, ग्रॅमवर मोजून. दोन तासांनी आई १२६, मी २५१.
निष्कर्ष: मीटर घरातल्या मोठ्यांना घाबरतो.
प्रयोग पुन्हा करायचा होता. मी काय टाचण्यांची उशी आहे का, असं आईने विचारलं.

१२ तारीख
कामावर थर्मामीटरची एक रेघ दोन दिसली. दिवा खराब आहे, तशी तक्रार दिली. त्याच दिव्याखाली वजनकाकांना (तीस वर्षं वजनं तपासण्याच्या टेबलावर) एकच दिसली. साहेबांनी डोळे तपासून यायला सांगितलं, तोवर सहीचं काम काकांकडे. दिवा बदलेपर्यंतच असणार.

१३ तारीख. संध्याकाळी ५.३०
मीटरवर 'नापास'ची चिठ्ठी लावून काकांपुढे ठेवला. मीटरसोबत मिळालेल्या बाटलीतल्या ठरावीक साखरेच्या पाण्याने त्यांनी तो तीनदा तपासला. तिन्ही वेळा बरोबर. मग वही मागितली. पंधरा टक्के अधिकही असू शकतात, तू नुसते वजाच का केलेस, असं विचारलं.
मग माझ्याच काउंटरवरच्या आवाजात म्हणाले, "उपकरण बरोबर आहे, बाई. तुमची वस्तूच तेवढी गोड आहे."
मीटरवरची चिठ्ठी सोलून त्यांनी वहीवर चिकटवली. नीट दाबून.

१४ तारीख
जेवल्यावर चालून आले. पावलं मोजणारं यंत्र पावलं कमी मोजतं असं वाटलं. तक्रार दिली नाही.
कंपनीचा मसुदा फाडला. डॉक्टरीणबाईंना पाठवलेला मजकूर:
"जेवणानंतरचे खरे आकडे: २४६, २३८, २५१. वहीतली वजाबाकी माझी. एक रेघ दोन दिसते आहे आणि दिवा ठीक आहे. दुसरी गोळी कधीपासून घ्यायची आणि डोळे कुठे दाखवायचे, ते कृपया सोमवार, १७ तारखेपर्यंत कळवावे."