कॉफी प्यालो, अजून आहे

घिवली,
मंगळवार, ता. ५ डिसेंबर १९६७

तीर्थस्वरूप कमलाकांतमामांच्या चरणी भाचा पुंडलिक याचे दोन्ही हात जोडून दंडवत.

इकडे आई ठीक आहे, होडी ठीक आहे, शेजारीपाजारी तर नको तितके ठीक आहेत. माझ्याबद्दल मात्र गावात दोन मते आहेत. काही म्हणतात, हा पौर्णिमा पाहत नाही. काही म्हणतात, पौर्णिमा पाहील, पण संक्रांत नाही. तुमचा गुडघा कसा आहे? मामींचा खोकला थांबला का? जपून राहा. माणसाचे काही सांगता येत नाही, हे मी हल्ली रोज ऐकतो आहे.

माझगावात तुमच्या कानावर भलतेसलते जाण्याआधी खरे काय ते मीच कळवतो. हे सगळे कॉफीने झाले.

आपल्या घरात कॉफी कशाला असते हे तुम्हाला सांगायला नको. मासळी कापताना बोट कापले की चिमूटभर पूड दाबून बसवायची, आणि पोट बिघडले की काळी उकळून लिंबू पिळून द्यायची. (तुमच्या टाचेत कालवाच्या शिंपल्याची धार घुसली तेव्हा आजीने अर्धा डबा रिकामा केला होता म्हणे.) म्हणून घरातून कॉफीचा वास आला की शेजारी विचारतात, कोण पडलं? चहा पितो तो माणूस आणि कॉफी पितो तो रोगी, असा आपल्या आळीचा हिशेब.

आता, अणुकेंद्राच्या बांधकामावर मी हजेरी लिहितो (तुम्हीच चिकटवलेत). तिथे भांडारावर शेषाद्री नावाचे चिकमगळूरचे साहेब आहेत. त्यांच्याकडे पितळेचे दोन मजली भांडे आहे. वर पूड आणि गरम पाणी घालतात, खाली थेंब थेंब काळा अर्क जमतो, त्यात दूध. पहिला पेला मी भीतीने प्यालो, कारण नको म्हटले तर साहेब रागावतील. दुसरा आवडला म्हणून प्यालो आणि तिथेच फसलो. पेल्याबरोबर ते कॉफीचा इतिहासही वाढतात. इथिओपियात म्हणे एका गुराख्याच्या शेळ्यांनी कसलीशी लाल फळे खाल्ली आणि त्या नाचू लागल्या, तिथून कॉफीचा शोध लागला अशी दंतकथा. पुढे त्या शेळ्या जगल्या का, असे मी विचारले. ते कुणी लिहून ठेवलेले नाही म्हणे. मला ते तेव्हाच खटकले. अरब लोक रुजणारे बी देशाबाहेर जाऊ देत नसत, तरी बाबा बुदान नावाच्या फकिराने हजहून परतताना सात बिया कमरेला बांधून आणल्या आणि साहेबांच्या गावच्या डोंगरात लावल्या, असे तिकडे सांगतात. ऐकताना घाम मला फुटला. (मी एस.टी.त सुक्या बोंबलांची पिशवी मांडीवर घेतली तरी कंडक्टर हटकेल म्हणून पालघरपर्यंत अंग चोरून बसतो.) इस्तंबूलच्या एका सुलतानाने तर कॉफी पिणाऱ्याला देहदंड ठेवला होता म्हणतात. हे त्यांनी मला पेला रिकामा झाल्यावर सांगितले.

एक दिवस त्यांनी मला अर्धा पौंड पूड भेट दिली. मी घरी येऊन आईला म्हटले, जरा कॉफी टाक. आईने माझ्या कपाळाला हात लावला. दुसऱ्या दिवशी पुन्हा मागितली, तेव्हा म्हणाली, "पोटात कळ हाय काय? लपवू नको रे." तिसऱ्या दिवशी मागल्या दारातून शेजारच्या चंद्रकांताकाकूंना वास गेला. (ज्या घरी त्या पदर डोळ्याला लावून जातात, तिथे तिरडीचे सामान आणायला लोक आपोआप निघतात.) आठवडाभरात घरात अकरा शहाळी आणि चार पपया जमल्या. लोक पायाशी बसून माझे गुण आठवू लागले. "अणू शिरलाय अंगात," असे निदान झाले. अहो, यंत्र अजून सुरूच झालेले नाही, असे मी ओरडून सांगितले. त्यावर काकू म्हणाल्या, "सुरू नाय झालं तरी शिरला, म्हणजे बघा केवढा जोर हाय त्याला!"

मामा, मी लहानपणापासून भित्रा, हे तुम्ही जाणता. इतकी माणसे एकसारखी हळहळताना पाहून मलाही शंका आली. छाती धडधडू लागली, हात कापू लागले, झोप उडाली. आईने औषध म्हणून काळी कॉफी दिली. धडधड वाढली. मग तिने दिवसातून चार वेळा दिली. मी साहेबांना जाऊन विचारले, तर ते हसले आणि स्वीडनच्या राजाची गोष्ट सांगू लागले. त्याने म्हणे दोन कैद्यांना जन्मभर, एकाला चहा आणि एकाला कॉफी पाजली, कोण आधी मरतो ते बघायला. पण आधी देखरेखीला ठेवलेले वैद्यच मेले, मग राजा मेला आणि मग चहावाला, त्र्याऐंशी वर्षांचा होऊन. मी विचारले, आणि कॉफीवाला? तोही पुढे मेलाच की, असे म्हणून त्यांनी माझ्यापुढे पेला सरकवला.

परवा रविवारी एडवणहून महादूकाका आले. त्यांच्या हंसाशी माझे ठरले आहे, ते तुमच्याच मध्यस्थीने. पालघरच्या बाजारात माझे दुखणे त्यांच्या कानावर गेले होते. माणूस सज्जन. दारातच बसले, पाणीही घेतले नाही, आणि खाली मान घालून आईला म्हणाले, "पोर दिली नि म्हयन्यात पांढऱ्या कपाळाची झाली, तर आमी कोणाच्या तोंडाकडं बघायचं? होळीपरेन थांबू." मी पलीकडे गोधडीत होतो, सगळे ऐकत होतो. उठून बाहेर जायचे आणि मी धडधाकट आहे म्हणायचे, एवढेच काम होते. पण उठलो आणि चक्कर आली तर? म्हणून मी पडल्या पडल्या कण्हलो. काका डोळे पुसत गेले. त्या कण्हण्याची मला जितकी लाज वाटते तितकी जन्मात कशाची वाटली नाही. हंसा मला मनापासून आवडते, मामा. हे आजवर कुणाला सांगितले नाही, तिलाही नाही.

त्या दिवसापासून कॉफी बंद केली आहे. काल डोके असे ठणकले की मी आईला मनातल्या मनात निरोप देऊन टाकला. आज सकाळपासून मात्र छाती शांत आहे, हात स्थिर आहे (अक्षर पाहा), भूक लागते आहे. पण आता कुणी ऐकत नाही. मी दोन भाकऱ्या खाल्ल्या तर काकू आईला म्हणाल्या, विझायच्या आधी दिवा मोठा होतो. आई पुन्हा रडायला बसली.

मामींना नमस्कार, लहानांना आशीर्वाद. थोरांचे पाय तुमच्यामार्फत धरतो.

तुमचा, तूर्त हयात,
पुंडलिक

ता. क. : पत्राचे मुख्य कारण राहिलेच. महादूकाका तुमचा शब्द मोडत नाहीत. मी ठणठणीत आहे असे त्यांना दोन ओळींत लिहून कळवा. माझ्या हातचे पत्र गेले तर ते शेवटचे म्हणून जपून ठेवतील.

ता. क. दुसरा : महादूकाकांना ते पत्र लिहू नका. मासळी विकायला गेलेली कमळी आत्ताच एडवणहून आली. हंसाने तिच्याबरोबर निरोप धाडला आहे : "दुखणं खरं असलं तर मी येते नि करते, होळीबिळी नाय बघायची. पण भिऊन गोधडी घेतली असंल तर रविवारी स्वता येऊन बाबासमोर उभा राहा नि तसं सांग." कमळी म्हणते, सांगताना ती हसत नव्हती.

ता. क. तिसरा : मी रविवारी एडवणला जाणार, एकटा, हे पक्के केले आहे. तेव्हा तुम्ही शनिवारच्या गाडीने बोईसरला जरूर उतरा. माझ्यामागे वीस पावलांवर चालायचे, कुणी विचारले तर मला ओळखत नाही म्हणायचे, आणि त्यांच्या अंगणाबाहेर थांबायचे. आत मी एकटाच जाईन, असे आज तरी वाटते आहे.