तपासले, पक्के

प्रिय गुण्या,

हे पत्र तू उघडशील की न उघडताच फळ्यांच्या ढिगावर ठेवून देशील, याची मला खात्री नाही. आणि खात्री नसलेली गोष्ट मला किती छळते, हे तुझ्याइतके कोणालाच ठाऊक नाही. फोन तू उचलत नाहीस. एका परीने तेही बरेच झाले, कारण बोलायला लागलो की मी प्रश्न विचारू लागतो, आणि माझ्या प्रश्नांचा तुला आता वीट आला असणार. म्हणून लिहितो आहे, आणि जे जसे घडले त्याच क्रमाने लिहितो आहे. शेवटची गोष्ट आधी सांगितली तर तिच्याभोवती सबबी रचायला मला सवड मिळेल. क्रम पाळला तर ती मिळणार नाही. सध्या माझा माझ्यावर एवढाच विश्वास उरला आहे.

तू कपाट बसवून गेलास त्या दिवसापासून सुरुवात करतो. खारूताईच्या, म्हणजे माझ्या नातीच्या खोलीसाठी आणलेले ते सहा फुटी, पाच कप्प्यांचे, पुस्तकांचे उघडे कपाट. ते पुढे कलंडू नये म्हणून माथ्यावर दोन लोखंडी काटकोनी पट्ट्या, प्रत्येकीतून भिंतीत जाणारे दोन लांब स्क्रू, आणि भिंतीतल्या भोकात त्या स्क्रूंना पकड देणाऱ्या प्लॅस्टिकच्या गिट्ट्या. सोबतच्या माहितीपत्रकात या कामाला दीड तास लागतो असे छापले होते. तू पन्नास मिनिटांत ते उरकलेस, आणि दुसऱ्या पुडीतल्या तसल्याच पट्ट्या व गिट्ट्या वापरून पुढच्या अर्ध्या तासात स्वयंपाकघरातली भांड्यांची मांडणीही उभी केलीस. मी घड्याळ पाहत होतो. हात झटकत तू म्हणालास, "भिंग्या, लटकून बघ हवं तर. भिंत येईल, कपाट येणार नाही." मी लटकलो नाही. मला तुझे ते हसणे खटकले. ज्याचे काम चोख असते त्याला इतके हसू का यावे, असा प्रश्न मला पडला.

तू गेल्यावर कपाटाखाली वाकून पाहिले, तर दोन गिट्ट्या पडलेल्या. पुडी फोडण्यापूर्वीच मी मोजले होते: सहा. म्हणजे भिंतीत चार गेल्या असाव्यात. असाव्यात! पट्टीच्या आड चारही गेल्या आहेत, की तीनच गेल्या आणि चौथी तू खिशात घालून नेलीस, हे बाहेरून कसे कळणार? त्या दोन्ही गिट्ट्या मी एका पाकिटात घातल्या, पाकिटावर तारीख टाकली आणि ते टेबलाच्या खणात ठेवले. तुझी वहिनी म्हणाली, "अहो, चाळीस वर्षांचा मित्र तुमचा. दोन प्लॅस्टिकच्या नळ्यांसाठी त्याची फाईल काय उघडता?" मी तिला सांगितले की प्रश्न मित्राचा नसून भिंतीचा आहे. ते खोटे होते. प्रश्न तुझाच होता.

आठवते, शाळेत असताना तू मला सायकलवर डबलसीट न्यायचास आणि प्रत्येक वळणावर मी मागून विचारायचो, "ब्रेक लागतोय ना?" एकदा उतारावर तू दोन्ही हात सोडलेस आणि ओरडलास, "आता तपास!" आपण काटेरी कुंपणात गेलो. तुझे ढोपर फुटले, मला खरचटलेदेखील नाही, आणि तरी घरी मी सांगितले की सायकलचा ब्रेक खराब होता. तू वडिलांचा लाकडी गुण्या दप्तरातून आणून मास्तरांच्या टेबलाचा काटकोन तपासलास म्हणून वर्गाने तुला गुण्या म्हटले, आणि त्या तपासणीचीही फेरतपासणी केली म्हणून मला भिंग. पुढे मी वाणिज्य शाखेची पदवी घेऊन औषधांच्या गोदामात आलेल्या मालाच्या तपासणीवर लागलो आणि तू सुतारकामात, वडिलांच्या पटाशीवर. तीस वर्षे मी बंद खोक्यांकडे पाहतो आहे. बंद खोके दिसले की आत कमी भरले असणार असेच प्रथम मनात येते, आणि दहांत एकदा तरी ते खरे निघते. उरलेल्या नऊ वेळा मनात आले ते मी कधी लक्षात ठेवले नाही.

तेव्हा दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, सकाळी नाश्त्यानंतर, मी स्टुलावर चढून कपाट तपासू लागलो. रोजनिशीत प्रत्येक वेळी नोंद केली: "तपासले, पक्के." नवव्या महिन्यात उजवीकडची एक गिट्टी हलताना आढळली. ती पुन्हा घट्ट बसवली आणि समासात लिहिले: "गुण्याचे काम ढिले." खरे सांगतो, ते लिहिताना मला काळजी वाटली नाही. समाधान वाटले. नऊ महिने ज्याची वाट पाहिली ते एकदाचे सापडले होते.

चौदाव्या तपासणीनंतर चार दिवसांनी कपाट पडले. खारूताई रंगांची पेटी काढायला दुसऱ्या कप्प्यावर चढली होती. पलंगाच्या कडेने कपाटाचा वरचा भाग अडवला, म्हणून ती खालच्या पोकळीत सापडली. पुस्तके तिच्या अंगावर, कपाट पुस्तकांच्या वर, आणि मधून एक हात बाहेर. मी आणि सुनेने मिळून ते उचलले. उजव्या मनगटाचे हाड मोडले होते. बाकी काही नाही. "बाकी काही नाही" हे डॉक्टरांचे शब्द. सुनेने ते ऐकून माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले, ती मी अजून विसरलेलो नाही.

त्या संध्याकाळी मी चौकशी सुरू केली. मुलाला विचारले, पलंग सरकवताना कपाटाला धक्का दिलास का? सुनेला विचारले, जाळे काढताना पट्ट्या सैल केल्यास का? ती म्हणाली, "बाबा, मला जाळी काढायला वेळ मिळत नाही आणि स्क्रू काढायला मिळेल?" पट्ट्या विकणाऱ्या दुकानदाराकडे गेलो, त्याने त्याच मालाची नवी पुडी माझ्यासमोर फोडली. त्यातही सहाच गिट्ट्या होत्या. "दोन जादाच्या असतात, साहेब. कोणाची हरवते, कोणाची वाकते." म्हणजे तुझ्या चारही गिट्ट्या भिंतीत गेल्या होत्या. हे मला तिथेच, काउंटरवर कळले. तरी घरी येताना मनात एवढेच आले की चार घातल्या, पण नीट घातल्या नाहीत.

पुढचे तुला माहीत आहे, पण मी ते माझ्या हाताने लिहिले पाहिजे. तू खारूताईला बघायला आलास, हातात तिच्यासाठी केलेली लाकडी खार घेऊन, आणि मी तुला वर येऊ दिले नाही. खाली जिन्याच्या तोंडाशी, इमारतीतल्या निम्म्या बिऱ्हाडांसमोर, मी तुला उभे केले. तिसऱ्या मजल्यावरच्या मास्तरीणबाईंचे स्वयंपाकघर तू करणार होतास, शेजारच्यांचे दोन पलंग ठरले होते; ती सगळी माणसे तिथे होती, आणि ती तिथे आहेत म्हणूनच, तुझ्या ढिल्या कामाने पोरीचा हात मोडला असे मी आवाज चढवून सांगितले. सून लेकीला कडेवर घेऊन पायरीवर उभी होती. तू माझे सगळे ऐकून घेतलेस आणि फक्त विचारलेस, "तू तपासत होतास का रे?" मी म्हणालो, "तपासत होतो म्हणजे? दर महिन्याला! स्क्रू काढून!" तू विचारलेस, "किती वेळा?" मी छाती काढून सांगितले, "चौदा वेळा."

तू माझ्याकडे पाहिलेस. मग माझ्या मागे, पायरीवर, सुनेकडे पाहिलेस. ती लाकडी खार कठड्यावर ठेवलीस, पिशवी उचललीस आणि निघून गेलास. मी सर्वांना म्हणालो, "पाहिलंत? एक शब्द नाही. बोलणार काय?" आठवड्याभरात मास्तरीणबाईंनी दुसरा सुतार बघितला. पलंगही गेले. या इमारतीत कोणी तुझे नाव काढीनासे झाले, आणि पुढच्या गल्लीतही.

तरी माझे समाधान होईना. मला पुरावा हवा होता. म्हणून कपाटाच्याच दिवशी तू बसवलेली स्वयंपाकघरातली मांडणी किती कच्ची आहे हे दाखवायला मी तुझ्या वहिनीला हाक मारली आणि मांडणी दोन्ही हातांनी धरून ओढली. मग लटकलो. पंच्याहत्तर किलोचा मी, पाय वर घेऊन. वाट्या खणखणल्या, मांडणी जागची हलली नाही. वहिनी कणीक मळत होती. मान वर न करता ती म्हणाली, "तिला तुमचा हात लागलेला नाही. मी लागू दिला नाही. म्हणून उभी आहे ती."

मी खोलीत गेलो. खणातून पाकीट काढले. कपाटामागे पडलेल्या चार गिट्ट्याही मी जपून ठेवल्या होत्या, तुझ्याविरुद्ध. एक वापरलेली आणि एक कोरी अशा दोन घेतल्या, ब्लेडने उभ्या चिरल्या आणि भिंगाखाली शेजारी ठेवल्या. कोरी आतून अरुंद, धारदार कडांची. स्क्रूला चावून धरणारी. वापरलेली आतून झिजून गुळगुळीत झालेली, पेय प्यायच्या नळीसारखी. गिट्टी एकदाच चावते, गुण्या, हे तुला पहिल्या दिवसापासून माहीत होते. मी मात्र दर वेळी स्क्रू पूर्ण बाहेर काढून, आत डोकावून, पुन्हा पिळायचो, आणि दर वेळी थोडा अधिक जोर लावायचो, कारण तो दर वेळी थोडा अधिक सहज जाई. चार स्क्रू, चौदा वेळा. आमच्या गोदामात पहिल्या दिवशी शिकवतात की तपासणीसाठी उघडलेला नमुना पुन्हा मालात घालायचा नाही. उघडला की तो बाद. तीस वर्षांत मी हा नियम कोणाला मोडू दिला नाही, आणि माझ्या नातीच्या डोक्यावर चौदा वेळा मोडला.

तेवढ्यात खारूताई आत आली. माझ्या हातात गिट्टी पाहून तिचा चेहरा उजळला. पहिल्या रविवारी काढलेले स्क्रू तीच तर ओंजळीत धरून उभी राहायची आणि विचारायची, "आजोबा, आज कपाटाला ताप आहे का?" त्या दिवशी प्लास्टरमधला हात गळ्यात अडकवलेला, दुसरा पुढे करून ती म्हणाली, "आज मी डाव्या हातात धरू?"

त्या क्षणी मला तुझी नजर कळली. जिन्यापाशी चौदाचा आकडा ऐकताच तू सगळे समजला होतास. एका वाक्यात स्वतःला सोडवू शकला असतास. ते वाक्य तू उच्चारले नाहीस, कारण माझ्या मागे मोडक्या हाताची लेक घेऊन माझी सून उभी होती, आणि मला त्याच घरात, तिच्याच हातचे जेवून, पुढची वर्षे काढायची होती. तुझे नाव गेले तरी माझे घर राहावे, असे तू तिथल्या तिथे ठरवलेस. आणि मी ते घर अकरा दिवस तसेच राखले. अकरा दिवस मी कोणाला काही बोललो नाही. उलट कोणी ओळखले तर नाही ना, म्हणून घरातल्या प्रत्येकाच्या चेहऱ्यावर पाळत ठेवली. मुलगा दार हळू लावी, तर मला वाटे त्याला कळले. वहिनी काही विचारीना, तर वाटे ती सुनेशी बोलली.

बाराव्या दिवशी सुनेला समोर बसवले, दोन्ही चिरलेल्या गिट्ट्या आणि रोजनिशी तिच्यापुढे ठेवली आणि सांगितले. तिने शेवटच्या नोंदीपर्यंत पाने उलटली. ती रागावली असती तर सोपे गेले असते. ती म्हणाली, "हे मला सांगितलंत, बाबा. त्यांना सांगितलंत?" मी म्हणालो, तो फोन घेत नाही. ती म्हणाली, "मग खाली जाऊन ओरडा. त्या दिवशी तर मोठ्यानं येत होतं." मी गेलो. मास्तरीणबाईंपासून सुरुवात करून अकराही दारे वाजवली आणि जे तुझ्याविषयी बोललो होतो ते माझ्याविषयी बोललो. मास्तरीणबाई म्हणाल्या, "दुसऱ्या सुताराने माझ्या स्वयंपाकघरातल्या कपाटाची दारं उलटी लावलीत. गुण्यांना विचारा, येतील का." ते विचारण्याची पात्रता माझ्यात नाही, म्हणून केवळ निरोप पोचवतो.

दुकानदाराकडून कळले की तू आता लाकडाच्या वखारीत फळ्या कापतोस आणि "भिंतीला हात लावत नाही" असे म्हणतोस. भिंतीचा काही दोष नव्हता रे. तुझा तर नव्हताच. खारूताईचे प्लास्टर निघून महिना झाला. तुझी लाकडी खार तिच्या उशाशी असते. कपाट भिंतीला पाठ लावून नाही, जमिनीवर आडवे पडलेले आहे. घरात कोणीही ते दुसऱ्याकडून उभे करून घ्यायला तयार नाही, आणि खारूताईने तर सरळ सांगितले आहे की खार करणारे आजोबाच ते उभे करतील. जुनी भोके बुजवून ठेवली आहेत, गिट्ट्यांची नवी पुडी आणली आहे. ती मी फोडलेली नाही. आत किती आहेत ते मोजलेले नाही. तू ये. कपाट उभे झाले की या वेळी मी लटकून बघेन, एकदाच, तुझ्यासमोर. आणि जाताना माझा स्क्रूड्रायव्हर तू तुझ्या पिशवीत घालून ने. तो परत आणू नकोस.

तुझाच,
भिंग