मागून चालणारी

३ फेब्रुवारी
माझा गुडघा बरा. हिचा खोकला गेला. मांजर पोटभर जेवलं. माझंच डोकं ठिकाणावर नाही!
ही वाचनालयातल्या लेखनवर्गाला जायला लागली. तिथे ग्रीक पुराणकथांवरून शिकवतात. ग्रीक! छापखान्यात खिळे जुळवता जुळवता मी त्या कथा पाठ केल्या, बाजारात जाता-येता जन्मभर हिला ऐकवल्या. तेव्हा नुसतं "हं". आता त्या पोरसवदा सरांनी सांगितलं की सोनं!

५ फेब्रुवारी
चपला काढायच्या आत सुरू — "अहो, तुमचा तो ऑर्फियस! बायकोला पाताळातून वर आणतोय, आणि मागे बघायचं नाही ही अट. सर म्हणतात, शब्दांची जागा बदलून बघा. 'वळून पाहिलं त्याने, आणि ती गेली.' इथे धस्स होतं. 'ती गेली. त्याने वळून पाहिलं होतं.' इथे नुसती हळहळ उरते."
अंगावर काटा आला. पण कबूल कोण करतो! म्हटलं, "भाजी अळणी झालीय."
"हा कुत्सित सूर," ही म्हणाली. "तोही शिकवला सरांनी."

१० फेब्रुवारी
सर असे, सर तसे! आज घरी कुणी नाही बघून आरशासमोर ते 'वळून पाहिलं त्याने' वाक्य रागाने, मायेने, रडवेल्या सुरात म्हणून पाहिलं. मांजर उठून गेलं.

१२ फेब्रुवारी
हिचा गृहपाठ — युरिडिसीच्या, म्हणजे ऑर्फियसच्या बायकोच्या तोंडून चार ओळी. हिने ओट्याशी उभ्यानेच वाचून दाखवल्या:
"तो पुढे चालला होता. बोलत असावा. मला पाठ तेवढी दिसायची. शब्द वाऱ्यावर जायचे. मी आपली 'हं' म्हणायचे."
"आवडेल तुमच्या सरांना," मी तोंड वाकडं करून म्हणालो.
"अहो, तुम्ही बाजारात पुढे पुढे चालत सांगायचात. मला ऐकू कुठे यायचं? सर समोर उभं राहून बोलतात — एवढंच."
भाजी खरंच अळणी होती. तरी सगळी संपवली.

१५ फेब्रुवारी
बाजाराला निघालो. कोपऱ्यावर वळून पाहिलं. होती! पिशवी घेऊन, माझ्याच पाठीकडे बघत. ती जवळ येईपर्यंत थांबलो.
"काय झालं?" हिने विचारलं.
"कुठली कथा राहिलीय ऐकायची?"
"सगळ्याच," ही म्हणाली.