हंसाने ताट घेतलेलं नाही

जेसल पार्क, भाईंदर (पूर्व)
गुरुवार, सकाळ

सौ. संध्याताईंना वासंतीचा नमस्कार.

तुमच्या देवघरातलं चांदीचं ताट हंसाने घेतलेलं नाही, म्हणून हे पत्र लिहावं लागतंय. तिला कामावरून कमी केल्याचं तुम्ही काल फोनवर म्हणालात. आधी तिला परत बोलवा आणि मग पुढचं वाचा. (मी तुम्हाला ओळखते, तुम्ही आधी वाचाल. निदान फोन हाताशी ठेवा.) तुमचा गुडघा कसा आहे? भाऊसाहेबांची साखर आटोक्यात असेल अशी आशा करते. आमच्याकडे सगळं ठीक आहे, म्हणजे गुणवंतांची प्रकृती ठीक आहे. माझं विचारू नका.

दुसरी गोष्ट, केसरबाई जिवंत आहेत. त्या आमच्या आजेसासूबाई नाहीत. चेण्याला राहतात आणि परवाच त्यांनी मला चहा दिला.

आता मुळापासून सांगते. अधिक महिन्यात जावयाला, म्हणजे तुमच्या अथर्वरावांना, वाण द्यायचं म्हणून मी पूजेच्या भांड्यांच्या एका ऑनलाइन दुकानातून तांब्याचं ताम्हन मागवलं. आलं ते चांदीचं ताट. छोटंसं, पण हातात घेतल्यावर माणूस गप्प होईल असं. आमच्या सोसायटीची सेक्रेटरी मीच. खाली फलकावर माझ्या सहीची सूचना अजून लटकते आहे : ‘चुकून आलेले पार्सल उघडू नये, ठेवून घेऊ नये. सुशिक्षितांना हे सांगावे लागते याची खंत वाटते.’ त्यामुळे मी लगेच कंपनीला फोन केला, हे मला आवर्जून नमूद करायचं आहे. पण ‘तांबं मागवलं, चांदी आली’ असं न म्हणता, माझी ऑर्डर पोचल्याचं तुमच्याकडे दिसतंय का, एवढंच मी विचारलं. तिकडची मुलगी म्हणाली, ‘जी मॅडम, सिस्टीम में सही डिलिव्हर दिखा रहा है.’ जन्मभर प्रत्येक दुकानदाराशी वाद घालत आलेली मी, त्या दिवशी मात्र म्हटलं, कंपनीच सही म्हणतेय तर आपण कोण चूक काढणार? खोक्यात बिलही होतं. मी ते वाचलं नाही. घडी घातलेलं होतं आणि परक्या कागदाची घडी उघडणं बरं नव्हे, असं माझ्या मनाने अचानक घेतलं.

ताटाच्या पाठीमागे ‘केसरबाई’ असं कोरलेलं होतं. ते मी पाहिलं. घडवणाऱ्या पेढीचं नाव असेल अशी मी स्वतःची समजूत काढली, वर अनारसे रचले आणि ते ताट अथर्वरावांच्या हाती दिलं.

मग तुमचा फोन. ‘अहो वासंतीताई, एवढं कशाला केलंत! आणि मागे नाव आहे ते केसरबाई कोण हो?’ तेव्हा ‘ठाऊक नाही’ एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण ताट आपलं आणि नाव कुणाचं ते ठाऊक नाही, हे कसं दिसेल? जुन्या भांड्यांवर घरच्यांचीच नावं असतात. तेव्हा मी म्हटलं, ‘आमच्या आजेसासूबाई.’ (गुणवंत समोर पेपर वाचत होते. त्यांनी पेपर खाली घेतला, माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा वर धरला.) तुम्ही विचारत गेलात आणि मी सांगत गेले. त्या फार करारी होत्या, पहाटे उठून जप करत, कुणाच्या एका पैच्या मिंध्या नव्हत्या, हे सगळं मी त्या फोनवर, गवार मोडता मोडता रचलं. करारीपणा माझाच होता. जप कुणाचा होता देव जाणे.

चारपाच दिवसांनी चेण्याहून पायल नावाच्या मुलीचा फोन आला. ‘आंटी, तुमचं ताम्हन माझ्याकडे आलंय. माझं ताट तुमच्याकडे आलंय का? आजीसाठी घेतलंय, तिचं नाव टाकून.’ मी म्हटलं, ‘बघून सांगते.’ ताट तेव्हा ठाण्यात, तुमच्या देवघरात. ती बिचारी म्हणाली, ‘आरामात बघा, घाई नाही, रविवारी द्यायचंय.’

सगळं तोंडाने कबूल करावं म्हणून परवा मी रिक्षाने चेण्याला गेले. दारात खुद्द केसरबाईच बसलेल्या. ताटाची गोष्ट आजीला ठाऊक नव्हती, त्यामुळे पायलने मला डोळ्यांनी गप्प केलं आणि ‘ऑफिसच्या मॅडम’ म्हणून ओळख करून दिली. (म्हणजे तिथेही माझ्या खात्यावर एक खोटं जमा झालं, पण ते माझं नव्हे.) केसरबाई म्हणाल्या, ‘बस गो बाय, च्या घे. उन्हाची आलीस, डोक्यावं पदर तरी घेवाचा.’ मला असं कुणी बोलून बरीच वर्षं झाली. चहाची किटली, हंडा, परात, जे दिसेल त्याच्यावर ‘सीताराम’ कोरलेलं. मी सहज म्हटलं, ‘सगळ्या भांड्यांवर एकच नाव?’ तर म्हणाल्या, ‘नाव त्याचा. घासली मी.’ आणि असं हसल्या की पायलही हसली. मला हसता येईना. त्या बाईचं नाव एकाच भांड्यावर घातलं गेलं आणि ते मी माझ्या सासरच्या वंशवेलीत चिकटवून दिलं होतं. निघताना त्यांनी मला परड्यातली वांगी दिली. ती मी घेतली. नको म्हणायला तोंड लागतं.

तिथूनच तडक तुमच्याकडे आले. गायमुखच्या घाटात गाडी अडली होती, तेवढ्या वेळात कबुलीजबाब पाठ केला. पण तुमच्या हॉलमध्ये शेजारच्या दोघी बसलेल्या. तुम्ही मला हात धरून देवघरापाशी नेलंत. ताटावर मोगऱ्याचा गजरा, शेजारी निरांजन. तुम्ही त्या दोघींना म्हणालात, ‘आमच्या क्षितिजाच्या माहेरच्या पणजीबाई. काय करारी होत्या म्हणून सांगू!’ आणि मला विचारलंत, ‘वासंतीताई, त्यांचा एखादा फोटो असेल ना? आणि तिथी कोणती? अधिकात त्यांच्या नावाने दान करू म्हणते.’ ज्या बाईने तासाभरापूर्वी मला वांगी दिली, तिची मी तिथी सांगितली. वद्य नवमी. मला दुसरी कुठली आठवेना.

मग त्या दोघी गेल्या, तुम्ही कॉफी करायला आत गेलात आणि मी देवघरापाशी एकटी राहिले. कॉफी उत्तम होती. निघताना पायऱ्यांवर माझा पाय अडखळला, म्हणून हंसाने माझी पिशवी घेतली आणि रिक्षापर्यंत आणून दिली. ‘आजी, जड हाय, काय भरलंय?’ म्हणाली. मी म्हटलं, वांगी. काल तुम्ही फोनवर म्हणालात, ‘वॉचमनने बघितलं, हंसा जड पिशवी घेऊन खाली गेली.’ वॉचमन खरं बोलतोय. पिशवी निळ्या कापडाची होती ना? ती माझी.

त्यावर ‘माणसाने भरवसा ठेवायचा कुणावर?’ असं तुम्ही म्हणालात, तेव्हा मी काय म्हटलं ते तुमच्या लक्षात असेल. ‘हल्ली कामवाल्यांचं काही सांगता येत नाही.’ हे वाक्य माझ्याच तोंडून गेलं. तेव्हापासून मला जेवण गेलेलं नाही. वांग्यांची भाजी एकट्या गुणवंतांनी खाल्ली.

भाऊसाहेबांना नमस्कार. क्षितिजाला रागावू नका, तिला यातलं काही ठाऊक नाही.

आपली,
वासंती

ता. क. : तुम्हाला कळलंच असेल, पण लिहायला हवं. ताट मी घेतलं. गजरा काढून बाळकृष्णाला घातला आणि ताट वांग्यांच्या खाली ठेवलं. मागून घेण्याची लाज वाटली म्हणून चोरून घेतलं. दिलेलं वाण परत घेतलं तर काय होतं, ते गुरुजींना विचारलेलं नाही. विचारायचं तर त्यांनाही सगळं सांगावं लागेल.

दुसरा ता. क. : खरी विनंती पुढेच आहे. हंसाला नुसतं ‘ये’ म्हणू नका. ताट वासंतीने नेलं, असं तिला सांगा, आणि वॉचमनच्या देखत सांगा. शेजारच्या दोघींनाही सांगा. जमल्यास माझ्या पाठीमागे सांगितल्यासारखं नव्हे, मी समोर असल्यासारखं सांगा. मी शनिवारी येते आहे. हंसाची माफी मला तुमच्या दारात मागायची आहे. कॉफी दिली नाहीत तरी चालेल.

तिसरा ता. क. : हे पाकीट अथर्वरावांबरोबर पाठवते आहे. आत गुडघ्याच्या तेलाची कृती आहे, असं त्यांना सांगितलं आहे. हे शेवटचं खोटं.

सोपवलेल्या वस्तू :
चांदीचं ताट, एक. बुधवारी सकाळी पायलच्या हाती दिलं, सगळं सांगून. तिने ऐकून घेतलं आणि माझं ताम्हन परत दिलं.
तांब्याचं ताम्हन, एक. अथर्वरावांचं वाण म्हणून या पत्रासोबत. पाठीमागे कुणाचंही नाव नाही. चष्मा लावून, उजेडात धरून खात्री केली आहे.